टोमॅटोचं बिऱ्हाड

टोमॅटोचं फूल फार घरकोंबडं असतं. वांगं, मिरची, बटाटा यांच्याच भावकीतलं. पिवळंधमक, पण कायम खाली मान घातलेलं. त्याला ना गजऱ्यात जागा, ना देवाच्या ताम्हनात. एखादं फूल हातात घेऊन पाकळ्या मागे सारल्या तर मधोमध एक निमुळती पिवळी नळी दिसते. पुंकेसर एकमेकांना चिकटून ही नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर तिच्या आत दडलेला असतो. परागकण नळीच्या आतल्या अंगाला सुटतात, वाऱ्यानं फांदी जराशी हलली की तिथल्या तिथे खाली घरंगळतात, आणि कार्य घरच्या घरी उरकतं. मधमाशीला साधी अक्षतसुद्धा जात नाही.

याचे पूर्वज असे नव्हते. पेरू आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यालगत, डोंगरउतारांवर टोमॅटोचे रानटी भाऊबंद आजही आहेत. त्यांतल्या अनेकांचा स्त्रीकेसर नळीबाहेर चांगला डोकावतो आणि तिथल्या रानमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला पोचवतात. पुढे टोमॅटो माणसाबरोबर उत्तरेला मेक्सिकोत गेला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. प्रवासात बिया आल्या, माश्या मागे राहिल्या. नव्या मुलखात ज्या झाडांचा स्त्रीकेसर बाहेर होता ती पाहुण्यांची वाट बघत बसली. ज्यांचा जरा आखूड होता त्यांना फळं धरली आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं, कारण दुसरं बी नव्हतंच. थंड देशांतल्या काचघरांत वारासुद्धा नाही. तिथे स्त्रीकेसर आणखी आत सरकला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातले चार्ल्स रिक यांनी उभं आयुष्य या गोतावळ्याचा माग काढण्यात घालवलं. अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांत गाडी घेऊन हिंडायचं आणि कुठल्या टोमॅटोचं कुणाशी जमतं ते बघायचं, असा त्यांचा उद्योग.

तेव्हा परमुलखात टिकायचं तर कुणावाचून आपलं अडता कामा नये, ही टोमॅटोनं केलेली पहिली मोठी तजवीज. ती इतकी साधली की तो आपल्या सारात, भेळेत आणि पावभाजीत येऊन बसला. (आमच्या आजोळी श्राद्धाच्या स्वयंपाकाला मात्र तो अजून चालत नाही. इतकी वर्षं झाली, तरी पाहुणाच.) पण या तजविजीला एक खोड आहे. बाहेरचा पराग येत नाही म्हणजे घरात नवं काही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तीच चेहरेपट्टी, तोच स्वभाव. म्हणून तर टोमॅटोच्या सरळ वाणाचं बी धरता येतं. यंदाच्या फळातलं बी पेरलं की पुढल्या वर्षी तेच फळ. हायब्रीडचं बी धरून पाहा: एक झाड उंच, एक खुजं, एकाची फळं लिंबाएवढी आणि एकाची फळं कुणाच्याच ओळखीची नाहीत.

गच्चीवर बागा करणाऱ्यांत मात्र एक वाक्य सारखं ऐकू येतं. "आमचं बी आता इथल्या हवेला सरावलंय." शेजारच्या काकू हे वाक्य इतक्या खात्रीनं म्हणतात की त्यापुढे शास्त्र काढायची हिंमत होत नाही. त्यांचं बी माहेरून, रत्नागिरीहून आलेलं. "पहिल्या वर्षी नुसतं बावरून गेलं होतं रे," त्या सांगतात, "कुठे तिकडची दमट हवा आणि कुठे हे पुणं! पण आता बघ कसं रुळलंय." ऐकताना वाटतं, ते रोप बदली होऊन आलेल्या बँकेतल्या माणसासारखं आधी कुरकुरलं असेल, मग त्याला दूधवाला मिळाला असेल, मग भाजीवाला, आणि हळूहळू ते पुण्याची तारीफ करायला लागलं असेल.

बी असं शिकत नाही. विल्हेल्म योहानसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं हे घेवड्याच्या बियांवर दाखवून दिलं. घेवडाही टोमॅटोसारखाच घरकोंबडा. योहानसेननी एकेका झाडापासून वेगळी वंशावळ धरली, अशा १९ वंशावळी, आणि प्रत्येकीतल्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या बिया वेगवेगळ्या पेरल्या. एकाच वंशावळीतल्या जड बियांची लेकरं आणि हलक्या बियांची लेकरं सरासरीनं सारख्याच वजनाची निघाली. जड बी जड होतं ते खाऊनपिऊन. रक्तात काही वेगळं नव्हतं. हे त्यांनी १९०३ साली छापलं. आज सगळं जग ज्याला जीन म्हणतं, तो शब्दही पुढे १९०९ साली त्यांनीच दिला. रक्तात फरकच नसेल तर निवड करून करणार काय, एवढं साधं हे म्हणणं. पण ऐकून अनेकांचा हिरमोड झाला असणार.

टोमॅटोचा हेकटपणा तर अंतराळातही तपासून झालाय. अमेरिकेच्या नासानं १९८४ साली एका उपग्रहावर रटगर्स या जुन्या सरळ वाणाच्या सव्वा कोटी बिया ठेवल्या. त्या १९९० च्या जानेवारीत परत आणल्या आणि शाळांशाळांत वाटल्या. पोरांनी त्या पेरल्या. निर्वात पोकळीचा शेजार आणि अंतराळातल्या किरणांचा मारा जवळजवळ सहा वर्षं सोसून आलेल्या त्या बियांतून काय उगवलं? रटगर्स टोमॅटो. शेजारी लावलेल्या, पृथ्वीवरच राहिलेल्या बियांपेक्षा फारसे निराळे नाहीत. आता जो टोमॅटो अंतराळाला सरावला नाही तो कोथरूडला काय सरावणार?

तरीही काकूंची झाडं पहिल्या वर्षापेक्षा आज खरंच जोमदार आहेत, हे मी डोळ्यांनी बघतो. पहिल्या वर्षी त्यांनी रोपं लावली होती ऐन उन्हाळ्यात, पश्चिमेच्या कठड्याला, आणि दोन वेळा पाणी घालून त्यांना पोहायला लावलं होतं. आता त्या नवरात्रात बी टाकतात, कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी ठेवतात, मातीवर वाळक्या पाल्याचा थर देतात आणि बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालत नाहीत. शिवाय काकांनी तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला शिवायचं नाही, अशी ताकीद आहे. तीही रास्तच, कारण तंबाखूतून टोमॅटोला लागणारा विषाणूजन्य रोग खरा आहे. कोण कुणाला सरावलं, हा प्रश्न मी मनातच ठेवतो.

पण हवेचं प्रकरण काही नुसतं काकूंच्या मनातलं नाही. टोमॅटोला फळ धरायला रात्र लागते, आणि तीही बेतानं गार. १५ ते २० अंशांची असली की स्वारी खूश. दिवस ३५ च्या वर आणि रात्रही गरम राहायला लागली की परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. माझ्या नागपूरच्या मेहुण्याला हे दर एप्रिलमध्ये नव्यानं कळतं. "भाऊजी, फुलं तं भरभरून येऊन राहिली, पण एक फळ धरून नाही राहिलं!" असा त्याचा फोन येतो. जी चुकून धरतात ती लाल होत नाहीत, कारण तिशीच्या वर पारा गेला की तो लाल रंग तयार होणंच मंदावतं. फळ केशरी-पिवळं राहतं आणि घरचे त्याला कच्चं समजतात. उलट, रात्र दहा अंशांजवळ आली तरी फळ धरत नाही. कोकणात हवा बरी म्हणावी, तर तिथल्या तांबड्या मातीत मर रोग दबा धरून बसलेला असतो. सकाळी टवटवीत दिसलेलं झाड संध्याकाळी हिरवंच्या हिरवं मान टाकतं.

आणि इथेच एक गंमत आहे. उकाडा वाढला की टोमॅटोच्या बऱ्याच वाणांत फुलातला स्त्रीकेसर लांबतो आणि नळीच्या बाहेर येतो. म्हणजे जन्मभर दार लावून बसलेलं फूल उकडायला लागलं की खिडकीतून डोकं बाहेर काढतं, अगदी पेरूतल्या पूर्वजांसारखं. घरातलं कार्य त्यामुळे बिघडतं खरं, फळ कमी धरतं. पण नेमक्या त्याच वेळी बाहेरून कुणी आलं तर भेट होऊ शकते.

येणारा कोण, ते मी काकूंच्या गच्चीवर सकाळी सातच्या सुमाराला पाहिलंय. मधमाशी नव्हे. टोमॅटोच्या फुलात मध नसतो, आणि नळी हलवून पराग झाडायची कला मधमाशीला येत नाही. येतो तो काळा, जाडजूड भुंगा, ज्याच्या पंखांवर निळी झाक असते आणि ज्याला बघून काकूंचा नातू घरात पळतो. तो फुलाला खालून मिठी मारतो, फूल त्याच्या वजनानं आणखी लवतं. मग तो पंख मिटून अंगातले स्नायू थरथरवतो. उडतानाचा घोगरा सूर एकदम चढतो, क्षणभर बारीक, चिरका होतो आणि नळीच्या तोंडातून पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. तशीच ती घेऊन तो पुढच्या फुलाकडे जातो. युरोपातल्या काचघरांत पूर्वी हे काम माणसं कंप पावणारी कांडी घेऊन फुलाफुलाशी करत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पाळलेले भुंगे सोडतात. काकू येताजाता टिचकी मारतात. टिचकीनं घरातलं काम होतं, भुंग्यानं कधीकधी घराबाहेरचं.

हे 'कधीकधी' फार क्वचित असतं. पण शंभरांतल्या एखाद्या फळात जरी शेजारच्या कुंडीतला पराग पडला तरी त्या बियांतून पुढे पिढीमागून पिढी तऱ्हेतऱ्हेची झाडं निघतात, आणि मग हवेला निवडायला काहीतरी मिळतं. उन्हाळा चार झाडं जाळतो, एक ठेवतो. मर रोग दहांतली नऊ नेतो. सरावणं म्हणतात ते हे. जिवंत राहिलेल्यांच्या तोंडून ऐकलं की ते सोपं वाटतं. जुनी गावरान बियाणी हवेला पक्की झाली ती अशी, मोठ्या शेतात, सरमिसळ रोपांत आणि पुष्कळ मरणांनंतर. दोन कुंड्यांत एवढं मरण मावत नाही.

माणसानं मनावर घेतलं तर मात्र काम लवकर होतं. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेनं टिप-टॉप नावाच्या अमेरिकी वाणातून निवडून निवडून अर्का विकास हा वाण काढला. तो उष्णता आणि पाण्याची ओढ बऱ्यापैकी सोसतो. वरून एकसारख्या दिसणाऱ्या टिप-टॉपच्या गर्दीत ही चिवट मंडळी आधीपासून होतीच. त्यांना हुडकणारा डोळा हवा होता. दिल्लीच्या पुसा संस्थेनं सू या अमेरिकी वाणाचं लग्न मेरठच्या सुधारित मेरुतीशी लावलं आणि पुसा रुबी जन्माला आला, जो आजही परसबागांत टिकून आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा धनश्री आपल्याकडचाच. थंडीच्या टोकाला, ओरेगॉनमध्ये, जिम बॅगेट या संशोधकानं असे वाण काढले की ज्यांना गारठ्यात परागीभवन झालंच नाही तरी फळ धरतं, बिनबियांचं का होईना. तसला गुण रशियातल्या सेवेर्यानिन या वाणातही सापडलाय. तिकडच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही, तेव्हा फूल कुणासाठीच खोळंबून राहत नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो वेस्ट व्हर्जिनियातला रेडिएटर चार्ली. हा गृहस्थ गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. दुकान चढाच्या पायथ्याशी, त्यामुळे ट्रकांची इंजिनं तापून गिऱ्हाईक आपोआप यायचं. वनस्पतिशास्त्राशी त्याचा संबंध नव्हता. त्यानं मधे एक टोमॅटोचं झाड लावलं, भोवती रिंगण करून वेगवेगळ्या मोठ्या फळांची झाडं लावली, आणि लहान मुलांचे कान धुवायची रबरी पिचकारी घेऊन भोवतालच्या फुलांचे पराग मधल्या झाडाच्या फुलांवर फुंकले. मग वर्षानुवर्षं चांगली झाडं निवडत गेला. आपला वाण ठरल्यावर एकेक रोप एका डॉलरला विकून त्यानं घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं. त्या टोमॅटोचं नावच पडलं मॉर्गेज लिफ्टर, कर्ज उचलणारा. ही १९४० च्या आसपासची गोष्ट. आपल्याकडे टोमॅटोमुळे कर्ज उतरल्याच्या गोष्टी क्वचित ऐकू येतात, चढल्याच्या जास्त. म्हणूनच नारायणगावच्या नाहीतर पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेट घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला गावरान बियाण्याची महती सांगायला जाऊ नये असं माझं मत आहे. त्याला ट्रकमध्ये दिल्लीपर्यंत न फुटणारं साल हवं असतं आणि पहिल्या तोड्यापासून माल एकसारखा हवा असतो. ते काम हायब्रीड चोख करतं.

बियाणं धरायची हौस ती आपली, घरच्यांची. आणि घरात निवड करायला बसलेलं असतं स्वयंपाकघर. दुधी, भेंडी, दोडका यांचं बी धरायचं तर एक फळ वेलीवर किंवा झाडावरच जून होऊ द्यावं लागतं, आणि एकदा जून झालं की त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. टोमॅटोचं तसं नाही. ज्या दिवशी बी तयार, त्याच दिवशी फळही खायला तयार. पहिला, टपोरा, लालबुंद टोमॅटो काकूंच्या हातात पडतो तेव्हा शेजारी कांदा चिरलेला असतो. बियाण्याच्या वाट्याला हंगामाच्या शेवटी उरलेला, एका अंगानं तडकलेला आणि पक्ष्यानं टोचलेला टोमॅटो येतो. खरं तर चांगल्या टोमॅटोतल्या बिया चमच्यानं काढून घेऊन उरलेला खुशाल कोशिंबिरीत घालता येतो. बी धरून फळही खाता येईल, अशा भाज्या थोड्याच. पण भूक लागलेल्या माणसाला तो चमचा आठवत नाही.

यात काकूंच्या बाजूनं बोलण्यासारखं एक आहे. एकाच झाडाच्या पहिल्या फळातलं बी आणि शेवटच्या फळातलं बी रक्तानं सारखंच. योहानसेनच्या घेवड्यानं तेच सांगितलं. तेव्हा निवडायचं ते फळ नव्हे, झाड. सगळ्यांत आधी कुठलं झाड फळलं, पावसाळी करप्यात कुठलं तगलं, मार्चच्या उन्हात कुणी फुलं गाळली नाहीत, हे बघून त्या झाडाला सुतळीची खूण बांधायची. मग त्याचं कुठलंही फळ घ्या, तडकलेलं सुद्धा. काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी काकांनी ती सोडून वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधला.

बी काढणं हा काकूंचा वेगळा सोहळा आहे. गर वाटीत काढून, थोडं पाणी घालून, वर बशी ठेवून ती वाटी ओट्याच्या कोपऱ्यात दोन-तीन दिवस आंबत ठेवायची. बियांभोवतीचं ते बुळबुळीत आवरण फळाच्या आत बी रुजू देत नाही. आंबलं की ते सुटतं. दुसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरते आणि घरात असा वास पसरतो की काका कोपऱ्यात मेलेलं उंदराचं पिल्लू शोधायला लागतात. गॅलापागोस बेटांवर हे काम तिथली महाकाय कासवं बिनबोभाट करतात. तिथल्या रानटोमॅटोचं बी एरवी रुजता रुजत नाही. रिक यांनी ते कासवांना खाऊ घातलं, कितीतरी दिवसांनी पोटातून बाहेर आलेलं गोळा करून पेरलं, आणि ते भराभर उगवलं. १९६१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. काकूंना मी हे सांगितल्यावर त्या काकांकडे बघून म्हणाल्या, "बघा, कासवसुद्धा तक्रार करत नाही."

मग चहाच्या गाळणीत धुवून, तळाशी बसलेलं बी बशीवर पसरून सावलीत वाळवायचं. कागदावर नाही, कागदाला चिकटलं की निघत नाही. पूर्ण वाळलं की पुड्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या प्लास्टिकचे डबे लुटत नाहीत, या पुड्या लुटतात. कुणी त्या उघडून पेरतात, कुणाच्या पर्समध्ये त्या पुढच्या संक्रांतीपर्यंत असतात, आणि टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं सहज टिकत असल्यामुळे तेही चालून जातं. मला वाटतं, हवेला सरावण्याची खरी शक्यता कुठे असेल तर ती या पुड्यांत. काकूंच्या दोन कुंड्यांत जी निवड होऊ शकत नाही ती चाळीस घरांच्या चाळीस गच्च्यांवर थोडीफार होऊ शकते, फक्त चाळीसजणींनी चांगल्या झाडाचं बी परत आणून द्यायला हवं. आतापर्यंत परत आली ती तक्रार. "तुमचं बी उगवलं, पण फार उंच गेलं हो."

एक पुडी आम्ही मेहुण्याला नागपूरला दिली. या वेळी त्यानं ऐकलं आणि रोपं दिवाळीत लावली. जानेवारीत फळं आली, फोटोही आले. खाली लिहिलं होतं, 'पुण्याचा टोमॅटो'. पुण्यात आमच्या सोसायटीत सगळे त्याला 'रत्नागिरीचा' म्हणतात. मी काकूंना विचारलं, रत्नागिरीत याला काय म्हणायचे? "घाटावरचा," त्या म्हणाल्या. "आईला कोल्हापूरहून कुणीतरी दिला होता." परवा मेहुण्याच्या शेजाऱ्यानं वर्ध्याच्या बहिणीकडे बी पाठवलं म्हणे. तिथल्या बोलीत तो आता 'नागपुरी भेदरं' झालाय.